धावपट्टीचे तास : गोव्याचे दोन विमानतळ आणि पुण्याचा एक



१८ डिसेंबर १९६१ रोजी पुण्याच्या लोहगाव तळावरची बारा कॅनबेरा विमाने विंग कमांडर मेनन यांच्या नेतृत्वाखाली गोव्यातल्या दाबोळीवर गेली. काही मिनिटांत त्यांनी ६३,००० पौंड वजनाचे बॉम्ब टाकले. वैमानिकांना हुकूम स्पष्ट होता : धावपट्टी निकामी करायची, इमारतींना धक्का लावायचा नाही. हुकमाप्रमाणे झाले. नंतर आणखी एक हल्ला झाला. तरीही त्याच रात्री पोर्तुगीजांनी धावपट्टीचा एक तुकडा घाईघाईने दुरुस्त केला आणि तेथे अडकलेली दोन प्रवासी विमाने अंधारात उडून निसटली. इमारत शाबूत असताना विमानतळ बंद पडला होता, आणि धावपट्टीचा थोडा भाग सावरताच तो तेवढ्यापुरता पुन्हा जिवंत झाला. आज मला जे मांडायचे आहे त्याचा पाया इथे आहे. आपण विमानतळ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर काचेची इमारत, सरकते जिने आणि सामानाचे पट्टे येतात. पण विमानतळाची खरी ताकद धावपट्टीत असते, आणि त्या धावपट्टीचे कोणते तास कोणाच्या हातात आहेत यात असते.

आता दोन आकडे शेजारी ठेवू. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर, आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास. पुणे जिल्ह्याचे क्षेत्रफळ १५,६४३ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या ९४ लाखांवर. म्हणजे एकटा पुणे जिल्हा विस्ताराने गोव्याच्या चौपट आहे आणि माणसांनी सहापट. तरीही गोव्यात आज प्रवासी वाहतुकीचे दोन विमानतळ चालू आहेत, आणि पुण्याकडे एक आहे, तोही हवाई दलाच्या धावपट्टीवर उभा असलेला. यावरून ‘गोव्याला दोन मिळाले, आम्हांला एकही धड नाही’ अशी तक्रार करणे सोपे आहे. मी ती करणार नाही. गोव्याची कहाणी नीट वाचली तर तिच्यातून वेगळाच धडा निघतो. नवा विमानतळ बांधण्याचा निर्णय हा अर्धाच निर्णय असतो. जुन्याचे काय करायचे हा उरलेला अर्धा, आणि तो लेखी, जाहीर व आधी झाला नाही, तर पुढची पन्नास वर्षे दोन्हीकडची माणसे त्याची किंमत मोजत राहतात. गोव्याने तो अर्धा निर्णय लांबणीवर टाकला. पुण्यासाठी आखलेल्या पुरंदरच्या नव्या विमानतळाच्या बाबतीत आपण नेमके तेच करायला निघालो आहोत.

दाबोळीचा जन्मच कोंडीतून झाला. १९५० च्या दशकात भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, सीमा आवळल्या, रेल्वेचा संबंध तुटला. मुरगाव बंदर उघडे होते, पण जलमार्ग संथ. तेव्हा पोर्तुगीज प्रशासनाने दाबोळीच्या पठारावर धावपट्टी बांधली आणि १९५५ साली ती सुरू करून तिला गव्हर्नर जनरल बेनार्द गेदिश यांचे नाव दिले. त्याच सुमारास ‘ताइप’ या नावाने ओळखली जाणारी विमानसेवाही काढली. ती गोव्याला दमण, दीव आणि कराचीशी जोडू लागली. छोट्या मुलखाला स्वतःची धावपट्टी असणे म्हणजे शेजाऱ्याने दार लावले तरी श्वास चालू राहणे, हा विचार त्यामागे होता. आपल्याकडच्या छोट्या संस्थानांनाही तो अपरिचित नव्हता. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात कोल्हापूरने १९३९ साली उजळाईवाडीला विमानतळ उभारला. लोहगावचा तळही त्याच वर्षीचा, पण तो ब्रिटिशांच्या हवाई दलासाठी. बेळगावजवळचे सांबरे दुसऱ्या महायुद्धातले, आणि १९६१ च्या मोहिमेत लोहगावबरोबर विमानांची जमवाजमव झाली ती याच सांबऱ्याला. पश्चिम महाराष्ट्र, गोवा आणि सीमाभागातल्या धावपट्ट्यांचा नकाशा असा संस्थानांच्या हौसेतून, युद्धाच्या निकडीतून आणि नाकेबंदीतून तयार झाला. नागरी प्रवाशाचा विचार त्यात बहुतेक ठिकाणी मागाहून आला.

गोवा मुक्त झाल्यावर दाबोळी नौदलाकडे गेले. आयएनएस हंसा हा नौदलाच्या विमानदलाचा महत्त्वाचा तळ तेथे स्थिरावला. प्रवाशांसाठी त्याच आवारात टर्मिनल झाले, त्याला सरकारी भाषेत ‘सिव्हिल एन्क्लेव्ह’ म्हणतात. लोहगाव, श्रीनगर, लेह, जोधपूर, बागडोगरा, विशाखापट्टणम, सगळीकडे हीच रचना आहे. टर्मिनल विमानतळ प्राधिकरणाचे, धावपट्टी आणि हवाई नियंत्रण लष्कराचे. जुन्या वाड्यातल्या भाडेकरूला आपली खोली कितीही सजवता येते, पण दिंडीदरवाजा कधी उघडायचा हे मालकच ठरवतो. दाबोळीला वर्षानुवर्षे सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेआठच्या सुमारापासून दुपारपर्यंतचे तास नौदलाच्या सरावासाठी राखीव राहिले. ‘चार तासच ना’ असे कोणी म्हणेल. पण विमानकंपनीचे गणित पाहा. एक विमान दिवसाला पाच-सहा फेऱ्या करते तेव्हा त्याचा खर्च निघतो. पहाटे दिल्लीहून निघालेले विमान सकाळी गोव्यात उतरून लगेच बंगळूरला जाणार असेल, तर मधले चार तास बंद म्हणजे ती सगळी साखळी तुटते. मग कंपन्या सकाळ सोडतात आणि दुपारी, संध्याकाळी, मध्यरात्री गर्दी करतात. युरोपातून येणारी चार्टर विमानेही त्याच उरलेल्या वेळात बसवावी लागतात. दिवसाच्या सरासरीवर बांधलेले टर्मिनल त्या दोन-तीन वेळांत तुंबते, रांगा दाराबाहेर जातात, आणि वर्तमानपत्रात बातमी येते की टर्मिनल अपुरे आहे. मग टर्मिनल वाढवले जाते. दाबोळीला डिसेंबर २०१३ मध्ये नवे मोठे टर्मिनल झाले, आणि २०१८-१९ पर्यंत वर्षाची प्रवासीसंख्या ८० लाखांच्या पुढे गेली. धावपट्टी तीच राहिली, तासही तेच. २७ डिसेंबर २०१६ रोजी, म्हणजे ऐन नाताळच्या गर्दीत, जेट एअरवेजचे एक विमान पहाटे उड्डाणाच्या वेळी धावपट्टीवरून घसरले आणि सगळी वाहतूक खोळंबली. पर्यटनावर जगणाऱ्या राज्याचा हवाई संपर्क एका पट्टीवर आणि तिच्या उसन्या तासांवर टांगलेला आहे, हे त्या सकाळी सगळ्यांना दिसले.

दुसऱ्या विमानतळाची गरज खरी होती, याबद्दल मला शंका नाही. मार्च २००० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पेडणे तालुक्यातल्या मोपाला मंजुरी दिली. त्या निर्णयात एक स्पष्ट अट होती : मोपा सुरू झाल्यावर दाबोळीची नागरी वाहतूक बंद करायची. निर्णय कोणाला आवडो न आवडो, तो पूर्ण होता. जुन्याचे काय, हे त्यात सांगितले होते. पण दक्षिण गोव्यात त्यावर रान उठले. सासष्टी आणि मुरगाव तालुक्यांतल्या लोकांचे म्हणणे रास्त होते. काणकोणच्या माणसाला मोपा म्हणजे राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा प्रवास; वास्कोच्या टॅक्सीवाल्यांची, हॉटेलांची, दुकानांची रोजीरोटी दाबोळीवर; आणि विमानतळ उत्तरेला गेला तर त्याचा फायदा गोव्यापेक्षा सिंधुदुर्गाला जास्त. ‘दाबोळीच हवे’ म्हणणारी चळवळ उभी राहिली. राजकारण्यांनी मार्ग काढला तो असा की अट काढून टाकली आणि ‘दोन्ही चालतील’ असे आश्वासन दिले. ते आश्वासन कशावर उभे होते? दाबोळीला कोणती वाहतूक राहणार, नौदल तास वाढवून देणार का, दोन विमानतळांच्या शुल्कात किती फरक चालेल, यांपैकी कशाचाही बांधील करार लोकांपुढे ठेवला गेला नाही. मोपाची पायाभरणी नोव्हेंबर २०१६ मध्ये झाली, म्हणजे दाबोळीचे नवे टर्मिनल उघडून तीन वर्षे होत असताना. ज्या तळाचे भवितव्य ठरलेले नाही त्यावर सार्वजनिक पैसा आधी खर्च झाला, आणि नंतर त्याला स्पर्धक उभा करण्यासाठी खासगी कंपनीशी ४० वर्षांचा करार झाला.

मोपाच्या सड्याबद्दलही बोलले पाहिजे, कारण जमिनीचा प्रश्न पुढे पुण्याशी जोडायचा आहे. जांभ्या दगडाचा सडा वरवर ओसाड दिसतो. प्रत्यक्षात तो पावसाचे पाणी मुरवून खालच्या गावांच्या झऱ्यांना पुरवतो, आणि धनगरांची गुरे त्यावर चरतात. या प्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीविरुद्ध लोक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २९ मार्च २०१९ रोजी न्यायालयाने मंजुरी स्थगित ठेवली आणि तिचा फेरविचार करायला सांगितले. अर्जात आजूबाजूची राखीव वने आणि पश्चिम घाटातली संवेदनशील क्षेत्रे यांची माहिती नीट उघड केली नव्हती, हा त्यातला मुख्य आक्षेप. पुढे अधिक अटी घातल्या गेल्या आणि १६ जानेवारी २०२० रोजी स्थगिती उठली. ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटन झाले, ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली, आणि विमानतळाला मनोहर पर्रीकरांचे नाव मिळाले. मंजुरीपासून पहिल्या उड्डाणापर्यंत जवळजवळ २३ वर्षे. इतक्या वर्षांत दाबोळीबद्दलचा उरलेला अर्धा निर्णय घ्यायला वेळ मिळाला नाही, असे कोणालाही म्हणता येणार नाही.

त्यानंतर जे घडले ते अपेक्षितच होते. दोन्ही मिळून गोव्याची वार्षिक प्रवासीसंख्या एक कोटीच्या पुढे गेली. हे मोपाचे श्रेय आहे, ते मोकळेपणाने दिले पाहिजे. साडेतीन किलोमीटरची धावपट्टी आणि कोणाच्या सरावासाठी न थांबणारे तास मिळाल्यावर वाहतूक वाढणारच. पण त्याच वेळी दाबोळीचा लांब पल्ल्याचा व्यवहार उत्तरेकडे सरकू लागला. एअर इंडियाची लंडन-गॅटविक सेवा मोपाला गेली, जून २०२४ मध्ये कतार एअरवेजने दाबोळी सोडले. दक्षिण गोव्यात पुन्हा सभा, पुन्हा निवेदने, पुन्हा ‘दाबोळी बंद होणार नाही’ अशी मंत्र्यांची ग्वाही. लोकांना ग्वाही नको होती, त्यांना व्यवस्था हवी होती. विमानकंपनी कुठे उतरायचे ते स्वतःच्या हिशेबाने ठरवते, मंत्र्यांच्या भाषणाने नाही.

याच्या शेजारचे चिपी तर अधिक बोलके उदाहरण आहे, आणि ते आपल्या राज्यातले आहे. वेंगुर्ले तालुक्यातल्या परुळे-चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. कोकणवासीयांनी त्यासाठी फार वाट पाहिली होती. ‘उडान’ योजनेखाली अलायन्स एअरचे मुंबईचे विमान सुरू झाले. या योजनेत मार्गावरचा तोटा सरकार भरून देते, पण तीन वर्षे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती मुदत संपली आणि मुंबईची सेवाही थांबली. यात कोकणच्या माणसाची हौस कमी पडली असे नाही. नकाशा पाहा : दाबोळी ते मोपा सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटर, मोपा ते चिपी पन्नासच्या आत. पाऊणशे किलोमीटरच्या पट्ट्यात तीन विमानतळ, आणि मोपापासून ऐंशी-एक किलोमीटरवर सांबरे. सावंतवाडी-बांद्याच्या माणसाला मोपा चिपीपेक्षा जवळ पडते, आणि तेथे दिवसाला कितीतरी विमाने असतात. देशाच्या २००८ च्या नव्या विमानतळांच्या धोरणात चालू विमानतळापासून दीडशे किलोमीटरच्या आत नवा विमानतळ काढायचा तर केंद्राने त्याचा वेगळा विचार करावा असे म्हटले आहे. पण हा विचार प्रत्येक विमानतळाचा सुटासुटा झाला. तेरेखोल नदीच्या अलीकडे एका राज्याने आपला हिशेब केला, पलीकडे दुसऱ्याने आपला, आणि दोन्ही काठांवर जाणारा प्रवासी एकच आहे हे कोणाच्याच कागदावर आले नाही.

‘मग अट ठेवून दाबोळी बंदच करायला हवे होते का?’ असा प्रश्न येईल. बंगळूर आणि हैदराबादने तसे केले. २३ मार्च २००८ रोजी हैदराबादचे शमशाबाद सुरू झाल्यावर बेगमपेठची नागरी वाहतूक थांबली. २४ मे २००८ रोजी बंगळूरचे देवनहळ्ळी सुरू झाले आणि एचएएलच्या विमानतळावरून नियमित प्रवासी विमाने उडणे बंद झाले. बंगळूरच्या लोकांनी फार विरोध केला, कारण जुना तळ शहरात होता आणि नवा दूर. पण निर्णय करारात लिहिलेला होता, त्यामुळे विमानकंपन्या, रस्ते बांधणारे आणि घर घेणारे सगळे त्याप्रमाणे चालले. उलट टोकाचे उदाहरण कॅनडातल्या माँट्रियलचे. तेथे १९६९ मध्ये सरकारने मिराबेल विमानतळासाठी ९७,००० एकरांच्या आसपास शेतजमीन घेतली. १९७५ साली विमानतळ उघडला, पण जुना दोर्व्हाल बंद केला नाही. आंतरराष्ट्रीय विमाने मिराबेलला, देशांतर्गत दोर्व्हालला अशी वाटणी केली. बाहेरून येऊन पुढे जाणाऱ्या प्रवाशाला एका विमानतळावरून दुसऱ्यावर जावे लागे. तो कंटाळला आणि टोरंटोमार्गे जाऊ लागला. अखेर आंतरराष्ट्रीय विमाने पुन्हा दोर्व्हालला आली, २००४ साली मिराबेलची प्रवासी वाहतूक संपली आणि पुढे टर्मिनलही पाडले गेले. घेतलेल्या जमिनीचा मोठा भाग सरकारने नंतर परत केला वा विकला, पण तोवर एक पिढी उठून गेली होती. मी ‘बंदच करा’ असे म्हणत नाही. दोन्ही ठेवायचे असतील तर कोणाकडे कोणते काम, हे आधी ठरवा आणि करारात लिहा, एवढाच आग्रह आहे.

माझ्या म्हणण्यावर काही आक्षेप येतात. पहिला असा की दोन विमानतळांत स्पर्धा झाली की भाडी उतरतात, मग सरकारने मधे का पडावे? स्पर्धा बरोबरीच्यांत होते. गोव्यात एकीकडे ४० वर्षांचा करार असलेली खासगी कंपनी आहे, तिला आपली गुंतवणूक वसूल करायची आहे. दुसरीकडे टर्मिनल प्राधिकरणाचे आणि धावपट्टी नौदलाची. ज्याला आपले तास ठरवता येत नाहीत तो स्पर्धा कशी करणार? दुसरा आक्षेप लंडन आणि न्यूयॉर्कचा : तेथे तीन-चार विमानतळ सुखाने नांदतात. खरे आहे, पण तेथे पहिला विमानतळ भरून वाहू लागला आणि मग दुसऱ्याने उरलेली वाहतूक घेतली. शिवाय कुठल्या विमानतळाचे काम काय, हे तिथल्या प्रवाशाला आणि कंपनीला ठाऊक असते. नवी मुंबईचा विमानतळ ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटित झाला. तेथे निदान जुना आणि नवा दोन्ही एकाच कंपनीच्या हातात आहेत, त्यामुळे वाहतुकीची वाटणी एकाच टेबलावर बसून करता येते. त्यात मक्तेदारीचा धोका आहे, आणि तो लहान नाही. पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

तिसरा आक्षेप पुण्यात अगदी रोज ऐकू येतो : हवाई दलाने लोहगाव सोडून जावे, म्हणजे सगळा प्रश्नच मिटेल. हे मला पटत नाही. लोहगाव हा सुखोई-३० विमानांचा तळ आहे. देशाच्या पश्चिम बाजूच्या संरक्षणात त्याचे स्थान आहे, आणि असा तळ हलवायचा तर धावपट्टीबरोबर शस्त्रागार, दुरुस्तीशाळा, निवास, रडार सगळे हलवावे लागते. लष्कर तेथे आधीपासून आहे, शहर नंतर त्याच्या कुंपणापर्यंत गेले. विमाननगर, कल्याणीनगर, वडगाव शेरीत इमारतींच्या उंचीवर बंधने आहेत ती त्यामुळेच. लष्कराला दोष देऊन नागरी नियोजनातली उणीव झाकली जाते, भरून निघत नाही.

ही उणीव किती खोल आहे ते लोहगावचा अलीकडचा इतिहास सांगतो. तेथील धावपट्टी सुमारे २,५३५ मीटर लांब, समुद्रसपाटीपासून उंची सहाशे मीटरच्या जवळपास. उन्हाळ्यात हवा तापून विरळ झाली की विमानाला उचल कमी मिळते, अधिक लांब धाव घ्यावी लागते. म्हणून इंधनाने आणि माणसांनी भरलेले मोठे विमान इथून थेट युरोपला नेणे अवघड. लुफ्थान्साने २००८ पासून काही वर्षे पुणे–फ्रँकफर्ट सेवा चालवली ती थोड्या आसनांच्या छोट्या विमानाने, आणि ती टिकली नाही. ऑक्टोबर २०२० पासून धावपट्टीच्या कामासाठी जवळपास वर्षभर रात्रीची उड्डाणे बंद होती. १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ या काळात तर विमानतळ पूर्ण बंद ठेवावा लागला. त्याच धावपट्टीच्या जोरावर १० मार्च २०२४ रोजी नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले, जुलैमध्ये ते प्रवाशांसाठी खुले झाले, आणि २०२४-२५ मध्ये प्रवासीसंख्या एक कोटीच्या वर गेली. इमारत वाढली, प्रवासी वाढले, धावपट्टी आणि तिचे मालक तेच. दाबोळीत २०१३ साली जे झाले तेच इथे ११ वर्षांनी झाले.

आणि आता पुरंदर. पुण्याच्या नव्या विमानतळासाठी पाहिलेल्या चाकण-खेडच्या जागा मागे पडल्या, २०१६ मध्ये पुरंदर पुढे आले. मधल्या सरकारने जागा बदलून पाहिली तेव्हा २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने त्या नव्या जागेला नकार दिला आणि गाडी मूळ जागेवर परतली. यातून एक गोष्ट ठळकपणे दिसते, जिची चर्चा फार कमी होते. लोहगावपासून पुरंदरची जागा सरळ रेषेत तीस-पस्तीस किलोमीटरवर आहे. स्वतःची धावपट्टी मिळाली तरी वरचे आकाश हवाई दलाबरोबर वाटून घ्यावे लागणारच. म्हणजे आज जो करार तासांबद्दल आहे, तो उद्या आकाशाबद्दल लागेल. तो कुठे आहे? लोहगाव नागरी वाहतुकीसाठी चालू राहणार की नाही? राहणार असेल तर मुंबई-दिल्लीची सकाळची विमाने तिकडे आणि परदेशी विमाने पुरंदरला, अशी माँट्रियलसारखी वाटणी होणार का? आणि चालू राहणार नसेल, तर तिथल्या नव्या टर्मिनलचे आणि धावपट्टी वाढवण्यासाठी आखलेल्या भूसंपादनाचे प्रयोजन काय? या प्रश्नांना वेगवेगळ्या व्यासपीठांवर वेगवेगळी उत्तरे मिळतात. बांधील कागद एकही नाही.

पण पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी या सात गावांकडून मात्र पक्का कागद मागितला जातो आहे, जमिनीचा. ही अंजीर आणि सीताफळाची जमीन आहे. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. खानवडीशी महात्मा फुल्यांच्या घराण्याचे नाते आहे. प्रकल्पाची मूळ मागणी २,८३२ हेक्टरांची होती, मग विरोधानंतर ती निम्म्याहून खाली आणली गेली. शेतकरी विचारतो : आधी इतकी लागत होती आणि आता एवढ्यात भागते, तर आधीचा हिशेब कोणी केला होता? याला ‘विकासाला विरोध’ म्हणणे अन्याय आहे. मे २०२५ मध्ये ड्रोन सर्वेक्षणाच्या वेळी गावकरी आणि पोलीस समोरासमोर आले, त्याच्या मुळाशी हा न मिळालेला हिशेब आहे. विमानतळ कशासाठी, किती वाहतुकीसाठी, जुन्याच्या जोडीला की जागी, हे ठरल्याशिवाय किती जमीन लागते हे सांगता येत नाही. हिशेबाचा क्रमच उलटा आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात पाच वर्षे न वापरलेली जमीन मूळ मालकाला किंवा शासनाच्या जमीन-पेढीला परत जाण्याची तरतूद आहे. पण पुरंदरचे संपादन औद्योगिक विकास अधिनियमाखाली चालले आहे. तेव्हा मूळ मालकाला जमीन परत मिळण्याचा हक्क संमतिपत्रातच लिहून दिला पाहिजे. मिराबेलच्या शेतकऱ्यांना तो आधी मिळाला नव्हता.

पुण्याला दुसरी धावपट्टी हवी, हे मी पूर्ण विश्वासाने म्हणतो. उसन्या तासांवर एक कोटी प्रवासी फार काळ चालणार नाहीत. पण ती धावपट्टी मागताना आपण शहरातल्या लोकांनी एक काम आधी केले पाहिजे, कारण जमीन देणारे त्या सात गावांतले आहेत आणि विमानात बसणारे बहुतेक आपण. लोहगावचे नागरी भवितव्य, हवाई दलाशी आकाशाचा करार आणि न वापरलेल्या जमिनीच्या परतीची हमी या तिन्ही गोष्टी असलेले अधिकृत निवेदन राज्य आणि केंद्र सरकारने मराठीत प्रसिद्ध करावे, आणि ते प्रसिद्ध होईपर्यंत संपादनाचे पुढचे पाऊल टाकू नये. आपल्या आमदार-खासदारांकडे ही मागणी लेखी करा. सात गावांतले लोक ती गेली अनेक वर्षे एकटे करीत आहेत.